चला, नाटकाला!

माणसांचे पुष्कळ वर्ग पाडता येतात. पण नाटकाच्या बाबतीत, आणि तेही आमच्या नांदेडपुरते बोलायचे, तर दोनच वर्ग पुरे आहेत. ठरवून नाटकाला जाणारे आणि उठून नाटकाला जाणारे. पहिल्या वर्गात सगळी शहाणी, संसारी, जबाबदार माणसे येतात. दुसऱ्या वर्गात फार थोडी. ह्या थोड्यांची बाजू मांडण्यासाठी दिवाळीचे हे पान खर्ची घालायचे मी योजले आहे. कारण माझी अशी खात्री होत चालली आहे की जिल्ह्याच्या गावी नाटक जगायचे असेल, तर ते ह्या दुसऱ्या वर्गाच्या जिवावरच जगेल.

पहिल्या वर्गाशी माझे भांडण मुळीच नाही. मुंबईचे एखादे गाजलेले नाटक नांदेडला येणार असले की पंधरा दिवस आधी चौकाचौकांत फलक लागतात. टी.व्ही.वर रोज दिसणारे चेहरे फलकावर हसत असतात. मग कॉलनीतल्या चार बिऱ्हाडांचे बोलणे होते, तिकिटे एकदमच काढली जातात, कोणाच्या गाडीत कोण बसणार ते ठरते. त्या दिवशी ठेवणीतल्या साड्या बाहेर निघतात, गजरे येतात, आणि मध्यंतरात बटाटेवडे खाताखाता ओळखीच्या साऱ्या मंडळींची गाठ पडते. हे एक कार्यच असते म्हणा ना! लग्नकार्याला जावे तसे आपण त्या नाटकाला जातो, आणि मजेत परत येतो.

पण मुंबई आमच्यापासून सहाशेच्या आसपास किलोमीटर. एवढा पल्ला तोडून नेपथ्याचा ट्रक, नटमंडळींची बस आणायची, तर निर्मात्याला हिशेब बघावाच लागतो. त्यामुळे असे कार्य वर्षातून बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा घडते. बाकीचे दिवस काय करायचे? बहुतेक घरांत ह्याचे उत्तर ठरलेले आहे. “आमच्याकडे कुठं नाटकं होतात!”

इथेच माझी हरकत आहे. नाटके होतात. आपण उठत नाही.

दर वर्षी दिवाळी आटोपली, तुळशीची लग्ने लागली की नांदेडमध्ये नाटकाचा खरा हंगाम सुरू होतो. महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा ही सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची स्पर्धा. साठी तिने केव्हाच ओलांडली आहे. तिची प्राथमिक फेरी बहुधा ह्याच दिवसांत राज्यभरच्या केंद्रांवर होते. नांदेड हे त्यांतले एक केंद्र, तसेच लातूर, परभणी. रोज संध्याकाळी एक नाटक. नट-नट्या सगळ्या हौशी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणाचे दुकान, कोणी नुसताच नोकरीच्या शोधात. तीन परीक्षक पुढे बसून टिपणे घेत असतात. निवडक संघ अंतिम फेरीला जातात. बाकीचे घरी जातात. तिकीट म्हणाल तर दोन कप चहाच्या पैशांत पाहायला मिळते. कुसुम सभागृह आहे, डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. म्हणजे जागेचीही वाण नाही.

“हौशी” ह्या शब्दाने कोणी नाक मुरडू नये. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ प्रथम रंगभूमीवर आले ते २० डिसेंबर १९६७ रोजी, ह्याच राज्य स्पर्धेत. त्यांचेच ‘घाशीराम कोतवाल’ पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने प्रथम केले ते १६ डिसेंबर १९७२ रोजी, आणि तेही ह्याच स्पर्धेसाठी. दोन्ही तारखा डिसेंबरातल्या आहेत, एवढे लक्षात घ्या. ज्या नाटकांवर पुढे आपण वर्षानुवर्षे वाद घातले, परीक्षेत प्रश्न विचारले, प्रबंध लिहिले, ती नाटके पहिल्या रात्री पाहायला जी माणसे गेली असतील, त्यांना आत शिरताना काय ठाऊक होते? एक स्पर्धेचे नाटक आहे, एवढेच. डिसेंबरच्या रात्री ती घरातून निघाली, म्हणून ‘आम्ही पहिला प्रयोग पाहिला’ असे पुढे जन्मभर सांगू शकली.

आमच्या नांदेडात दर वर्षी एक ‘घाशीराम’ जन्माला येतो असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे ते निराळेच आहे. स्पर्धेत उतरलेल्या जिल्ह्याच्या नाटकाचा बहुधा एकच प्रयोग होतो. दोन महिने तालमी. रोज संध्याकाळी कामावरून सुटून कोणाच्या तरी शाळेच्या वर्गात, बाके भिंतीला लावून. स्त्री-भूमिकेसाठी बाई मिळत नाही म्हणून दहा घरांचे उंबरे झिजवायचे. नेपथ्याची लाकडे उसनी, कपडे घरचे. आणि एवढे सारे एका संध्याकाळच्या दोन तासांसाठी. नंबर लागला तर आणखी एकदा. नाही लागला तर संपले. सिनेमा उद्या असतो, परवा असतो, आता तर तो फोनमध्येच मुक्कामाला आला आहे. हवा तेव्हा थांबवावा, हवा तेव्हा पुढे ढकलावा. हे नाटक मात्र आज रात्रीपुरतेच असते. आज गेला नाहीत तर ते तुमचे चुकले असे नव्हे, ते जगातूनच गेले. त्याला ‘पुढच्या रविवारी पाहू’ हे उत्तर लागू पडत नाही.

मग आपण उठत का नाही? ह्याची कारणे फार जुनी आहेत. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात नाटकाच्या यशाला येणाऱ्या विघ्नांची यादीच दिली आहे. वारा, आग, पाऊस ही दैवी विघ्ने. हत्ती उधळून येणे, साप निघणे, मंडप कोसळणे, किडे आणि मुंग्या ह्यांचा उपद्रव, हीही त्यांतलीच. शत्रुपक्षाची माणसे शेण आणि ढेकळे फेकतात, ते विघ्न वेगळे. परीक्षकांचीही तरतूद त्यात आहे, आणि सरस ठरलेल्याला पताका द्यावी असेही सांगितले आहे. म्हणजे स्पर्धा काही सरकारने काढलेली नवी टूम नव्हे. त्याच अध्यायात एक नियम असा आहे की मध्यान्ही, मध्यरात्री, संध्यासमयी आणि भोजनाच्या वेळी नाटक करू नये.

वर्गात हा नियम शिकवताना मुले नेहमी हसतात. मला मात्र तो सगळ्या नियमांत शहाणा वाटतो. हत्ती आणि साप राहू द्या, मराठी प्रेक्षकाला घरात बसवून ठेवणारे सर्वांत थोर विघ्न म्हणजे रात्रीचे जेवण!

गेल्या डिसेंबरात ह्याचा पडताळा आला. आठवड्याच्या मधला वार होता. संध्याकाळचे सव्वासहा झाले होते. आमच्याकडे थंडी तशी फार दिवस टिकत नाही, पण त्या आठवड्यात गोदावरीवरून असा काही वारा सुटला होता की उन्हे कलल्याबरोबर घराघरांची दारे-खिडक्या मिटत होत्या. एवढ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे.

“मॅडम, आज सातला आमचं नाटक आहे. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.” मग जरा थांबून तो म्हणाला, “हॉलमध्ये आत्ता बारा माणसं आहेत. त्यातली नऊ आमचीच आहेत.”

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि जाहीर केले, “चला, नाटकाला!”

“आज?” पेपर खाली न घेता हे म्हणाले. “उद्या जाऊ की.”

“उद्या हे नाटक नाही.”

“दुसरं असेल.”

“ते दुसऱ्यांचं असेल.”

ह्यावर ह्यांनी पेपर खाली घेतला आणि भरतमुनींचाच प्रश्न विचारला. “अगं, पण जेवणाचं काय?”

आता इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. उठून नाटकाला जाणे हे ज्याला मनमोकळेपणाचे लक्षण म्हणून मिरवता येते, तो बहुधा पुरुष असतो. पायांत चपला सरकवल्या की तो निघाला. त्याच्यामागे कुकर नसतो, विरजण नसते, सासूबाईंची आठ वाजताची गोळी नसते, सकाळच्या डब्याची भाजी निवडायची नसते. बाईला उठून जायचे तर आधी दोन तास बसून तयारी करावी लागते, आणि मग त्याला उठून जाणे म्हणत नाहीत! आमच्या पिढीच्या बायका शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, पगार घरात आणू लागल्या. पण संध्याकाळी सव्वासहाला ‘मी जाते’ म्हणून निघण्याचा हक्क अजून पगाराबरोबर मिळालेला नाही. आपल्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करायच्या, हे रुळायलाही पुष्कळ काळ जावा लागला. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये कुलीन घरांतल्या स्त्रिया काम करायला उभ्या राहिल्या, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. प्रेक्षागृहातल्या बाईची बातमी कोणी करत नाही. तीही तेवढाच उंबरठा ओलांडून आलेली असते.

त्या दिवशी मला वाचवले ते सासूबाईंनी. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. देवघरासमोर वाती वळत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “डाळ-तांदूळ टाका कुकरात अन् चला. आल्यावर खाऊ. एक दिवस गार खिचडी खाल्ली तर काय बिघडतंय?”

“आई, तुम्ही पण येताय?”

“कामून? मी येऊ नाही व्हय?”

ह्यांनी मग डाळ-तांदूळ स्वतः धुतले. पाण्याचे प्रमाण तीनदा विचारले, पण धुतले. राहता राहिली मुलगी. ती बारावीला. नांदेडमध्ये बारावीला मुलगी असणे म्हणजे काय, हे नांदेड-लातूरकरांना वेगळे सांगायला नको. मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून हजारो मुले डॉक्टर व्हायला आमच्या गावात येऊन राहतात. संध्याकाळी सात वाजता इथली सर्वांत भरलेली सभागृहे शिकवण्यांची असतात. “माझी परवा टेस्ट आहे,” ती म्हणाली. मग आजी स्वेटर घालताहेत हे तिने पाहिले, आणि भौतिकशास्त्राची वही पर्समध्ये कोंबून तीही निघाली. मध्यंतरात वाचीन म्हणाली.

रिक्षावाल्याने सासूबाईंना हात देऊन चढवले. “एवढ्या थंडीत कुटं निघालाव, मावशी?”

“नाटकाला.”

“कोण आलंय? मुंबईचं हाय का?”

“नाही, आपल्या इथलंच आहे,” मी म्हटले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. चौक ओलांडल्यावर म्हणाला, “इथलं बी नाटक असतंय व्हय?”

हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो रिक्षावाला त्याच रस्त्याने रोज दहा वेळा जात असेल.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरी घंटा झाली होती. शेकड्यांनी खुर्च्या, आणि माणसे मोजून चाळीस. तीही अशी विखरून बसलेली की जणू एकमेकांवर रुसली आहेत. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, आणि पडदा वर गेला.

नाटक एका निवृत्त शिक्षकाचे होते. गावाकडचे घर, तो, त्याची बायको, आणि परदेशी गेलेल्या मुलाचा न येणारा फोन. कथा नवी नव्हती. पहिल्या दहा मिनिटांत नटांचे आवाज त्या रिकाम्या खुर्च्यांत हरवून जात होते. विनोदाची वाक्ये यायची आणि कोणी न हसताच खाली पडायची. रंगमंचावर उभे राहून हे सोसणे किती कठीण असते, हे ज्याने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकदा तरी काम केले आहे तो जाणतो. शिक्षकाचे काम करणारा नट घाईने बोलू लागला होता. लवकर संपवून टाकावे, असे त्याच्या मनात आले असावे.

आणि मग फोन वाजला. रंगमंचावरचा. म्हातारा अभिमानाने उचलायला तयार नाही, म्हातारी स्वयंपाकघरात. घंटा वाजते आहे, वाजते आहे. त्या शांततेत आमच्या सासूबाईंचा आवाज साऱ्या सभागृहाला ऐकू गेला. “अरे, उचल की बाबा! ठेवून देईल ना तो!”

मुलीने कपाळाला हात लावला. हे खाली पाहू लागले. रंगमंचावरचा नट क्षणभर थबकला. त्याने आमच्या दिशेने पाहिले नाही, पण त्याच्या खांद्यांवरचे ओझे उतरल्याचे चौथ्या रांगेतून स्पष्ट दिसले. कोणीतरी ऐकते आहे, हे त्याला कळले. त्याने फोनकडे हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. आता तो घाई करत नव्हता. पलीकडच्या रांगेत कोणीतरी हुंदका गिळला. त्यानंतर ती चाळीस माणसे विखुरलेली राहिली नाहीत. बसली होती तिथेच, पण एकत्र बसल्यासारखी.

भरतमुनींनी उत्तम प्रेक्षकाचे लक्षण सांगितले आहे ते असे, की पात्राच्या आनंदाने ज्याला आनंद होतो, पात्राच्या शोकाने जो शोक करतो, तो खरा प्रेक्षक. त्याच अध्यायात आणखी एके ठिकाणी त्यांनी मुले, मूर्ख आणि बायका ह्यांना एकाच पंगतीला बसवले आहे. ह्या सर्वांना म्हणे विनोद आणि वेषभूषा तेवढी आवडते! पहिले वचन मला मान्य आहे. दुसऱ्याचे उत्तर त्या रात्री सासूबाईंनी परस्पर दिले.

नाटक फार थोर होते असे मी म्हणणार नाही. दुसरा अंक लांबला होता, आणि एकदा दिवा चुकीच्या माणसावर पडला. पण पडदा पडला तेव्हा भौतिकशास्त्राची वही पर्समधून बाहेर आली नव्हती.

आम्ही आत भेटायला गेलो. नट मंडळी खोबरेल तेलाने रंग पुसत होती. म्हातारीचे काम केलेली बाई रुग्णालयात परिचारिका होती, तिला रात्रपाळीला जायचे होते. रंग पुरता निघायच्या आतच ती स्वेटर चढवून निघाली. माझा विद्यार्थी घामाने भिजला होता, त्या थंडीत. त्याने नंबराबद्दल काही विचारले नाही. एवढेच विचारले, “शेवटी किती झाले होते, मॅडम?”

“चाळीस,” मी म्हटले.

“म्हणजे बाहेरचे एकतीस!” तो म्हणाला, आणि मनापासून खूश झाला.

तोवर बाहेर रंगमंचावर हातोड्याचे आवाज सुरू झाले होते. त्या शिक्षकाचे घर उतरत होते. दार निघाले, खिडकी निघाली, देवाचा कोनाडा निघाला. तासाभरात जागा मोकळी करून द्यायची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे दुसऱ्या कोणाचे तरी घर उभे राहणार होते. मघाशी ज्या फोनसाठी आमच्या सासूबाई कळवळल्या, तो एका मुलाने वायर गुंडाळून पिशवीत टाकला.

आता कोणी म्हणेल, थंडी पडते, रात्र होते, सामान्य माणसाने काय करावे? त्यांना मी नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेईन. लोहा तालुक्यात, माळेगावी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, कुत्री ह्यांचा बाजार भरतो, आणि तमाशाच्या फडांचे तंबू पडतात. दिवस तेच, डिसेंबर-जानेवारीचे. उघड्या माळावरची थंडी गावातल्या थंडीहून कितीतरी बोचरी. तिथे शेतकरी घोंगडी पांघरून, कानांना उपरणे गुंडाळून, खाली जमिनीवर बसून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत तमाशा पाहतो. गण, गवळण, बतावणी, वग, सारे. वगाला यायच्या आधी तो उठत नाही. यात्रेला लागूनच वेळ अमावस्या येते. त्या दिवशी लातूरसारखे शहरच्या शहर रिकामे होऊन भज्जी आणि आंबील खायला शेतांवर जाते. म्हणजे थंडीत घराबाहेर पडणे हे आमच्या मातीला मुळीच नवे नाही. आपल्याला खुर्ची मिळाली, छप्पर मिळाले, आणि उठायची सवय तेवढी गेली.

आणखी एक आठवण ह्या भागातल्या माणसांनी तरी ठेवली पाहिजे. निजामाच्या राज्यात आमच्या आजोबा-पणजोबांना चार माणसांनी जाहीरपणे एकत्र जमायचे म्हटले तरी गश्ती निशान ५३ आडवे येई. सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते संपले. लगेच १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले. पुढे त्याच कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवू लागले, प्राचार्य झाले, आणि ज्या नाट्यशास्त्राची मी वर थट्टा केली त्या नाट्यशास्त्राचा त्यांनी नांदेडात राहून कसून अभ्यास केला. ह्या माणसांना एकत्र जमण्याची किंमत माहीत होती. आज कोणी आपल्याला अडवत नाही. सभागृह उघडे आहे, दिवे लागले आहेत, परवानगी कोणाची लागत नाही. आणि आत चाळीस माणसे!

नाटक लिहिणाऱ्याचे असते, करणाऱ्याचे असते, हे आपण नेहमी म्हणतो. पण ते निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे खुर्चीत बसून तयार होते, आणि ते मुंबईहून ट्रकात घालून आणता येत नाही. ते गावानेच द्यावे लागते. गावाने ते दिले नाही तर दोन महिने खपणारी मुले आणखी एक-दोन वर्षे खपतील, मग त्यांचीही लग्ने होतील, बदल्या होतील, हप्ते सुरू होतील. मग कधीतरी खरोखरच असे होईल की आमच्याकडे नाटके होत नाहीत. तेव्हा आपण म्हणू, “आमच्याकडे कुठं नाटकं होतात!” आणि ते खरे असेल.

म्हणून, वाचकहो, ह्या दिवाळीला एवढे करा. फराळाचे डबे रिकामे झाले की रोजच्या वर्तमानपत्रातले आतले पान उघडत जा. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, ‘नाट्य स्पर्धेत आज’ अशी काहीतरी ओळ असेल. ती सकाळी वाचून ठरवू नका. ठरवले की अडचणी सुचतात. संध्याकाळी सव्वासहाला पेपर पुन्हा हातात घ्या, आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा. नाटक चांगलेच असेल अशी हमी मी देत नाही. ओळखीचे कोणी भेटेल असेही नाही. शालजोडी मात्र घेऊन जा, सभागृहे गार असतात. घरात वडीलधारे कोणी असले तर त्यांना आधी विचारा, ते आपल्याहून लवकर तयार होतात.

आणि निघण्यापूर्वी खिचडी टाकून ठेवायला विसरू नका. ती कोणी टाकायची, हे आपापल्या घरी ठरवा. परत आल्यावर भूक फार लागते, आणि ताटावर बसल्यावर बोलायलाही पुष्कळ असते.